नेझाच्या रायफलीवरची दुर्बीण

लिपोवेत्स, १० मार्च २०२४

व्हिन्को,

पाकिटावरचं तुझं अक्षर बघून मला वाटलं, तुझे वडील गेले. एकोणीस वर्षांत तुझी तीन पत्रं आली, तिन्ही कुणीतरी गेल्याची. म्हणून उभ्यानेच फोडलं. आत दुर्बिणीची चौकशी.

तर नेझा शिकारीची परीक्षा पास झाली. अभिनंदन तिला सांग, तुला नाही. ती आता एकोणीस वर्षांची असेल हे मला मोजावं लागलं नाही. ती पोटात होती तो ऑक्टोबर माझ्या चांगला लक्षात आहे.

तू लिहितोस, "खोऱ्यात तुझ्याइतकं कुणाला कळत नाही." खरं आहे. म्हणूनच मी करवती आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. दुकानाच्या पाटीवरचा "बंदुका" हा शब्द मी स्वतः खरवडून काढला, ओळखू येतो अजून. पण प्रश्न पोरीचा आहे. विचारलंस, तर सांगतो.

काडतूस आधी ठरव, दुर्बीण नंतर. बावीसची हॉर्नेट गोड आहे, खांद्याला धक्का नाही, आवाज कमी, कोल्ह्याला पुरते. पण नेझाला मे महिन्यात पहिला रो हरणाचा नर मारायचा असेल तर हॉर्नेट अपुरी पडते. हरीण जखमी होऊन जंगलात जाईल आणि पोरगी दोन दिवस रडत रक्त शोधत फिरेल. दोनशे बावीस घे. सव्वातीन ग्रॅमची गोळी, धक्का तोही नगण्य, शंभर पावलांवर हरीण जागेवर बसतं. दीडशेच्या पुढे तिने झाडूच नये, काडतूस कुठलंही असो.

एक गोष्ट मात्र तिला पाठ करून घ्यायला लाव. ही गोळी हलकी आणि फार वेगाची. वाटेत हेझलच्या झुडपाची पेन्सिलीएवढी फांदी आली तरी ती फुटते नाहीतर दिशा सोडते. झुडपातून मारायची नाही. मारण्याआधी समोर काय आहे ते दिसलंच पाहिजे, मागे काय आहे तेही. तुला हे मी सांगायला नको.

दुर्बीण सहापटीची, बेचाळीस मिलिमीटरची. साधी, पट न बदलणारी. बस.

माझा भाऊ बरा आहे, मतिया. तू विचारलं नाहीस, मीच सांगतो. हिवाळ्यात त्याच्या चार पेट्यांतल्या मधमाश्या मेल्या, बाकीच्या तगल्या. नवा पाय जुन्यापेक्षा हलका आहे म्हणतो.

लेनार्ट

लिपोवेत्स, २४ मार्च

व्हिन्को,

तुझी यादी वाचली. चार ते सोळापट, छप्पन्न मिलिमीटरची काच, आत लाल दिवा लागणारी फुली, वर अंतर मोजायचं यंत्र. एवढं सगळं त्या हलक्या रायफलीवर चढवलंस तर पोरीला ती उचलायला खाली एक माणूस ठेवावा लागेल. दुकानदार म्हणाला असेल, "साहेब, सोळापटीत डोळ्याच्या पापण्या दिसतात." पापण्या दिसतात, बाकीचं काही दिसत नाही. जेवढी पट जास्त तेवढं आजूबाजूचं जग कमी. माणूस एका तपकिरी ठिपक्यात अडकतो आणि त्या ठिपक्याला कान, शेपूट, काय हवं ते चिकटवतो. सहापटीत निदान झुडपाची कड दिसते, आणि तिच्या मागून कोणी येत असेल तर तोही.

तू लिहितोस, संध्याकाळी उजेड कमी असतो म्हणून मोठी काच हवी. उजेड कमी असेल तर घरी यावं. कुट्टूचं पीठ घाटावं, आंबट दूध घालून खावं. हरीण उद्याही असतं.

दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांबद्दल तू पुन्हा पुन्हा विचारलंयस. दोन कडी, प्रत्येकाला चार स्क्रू, स्टीलची घे. स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे आवळायचे, एका बाजूने नाही. किती जोराने, ते किल्लीवर आकड्यात लिहिलेलं असतं हल्ली. माझ्या वेळी मनगटात असायचं. माझं मनगट चुकलं असं एकोणीस वर्षांत एका माणसाने म्हटलं, आणि ते कागदावर माझ्या सहीने आहे.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं, खोडत नाही.

तू वचन दिलं होतंस, "मतियाला मीच सांगेन. ईस्टरपर्यंत. बाळ होऊ दे, सिरीलाचं बाळंतपण नीट पार पडू दे." बाळंतपण पार पडलं. बाळाने परीक्षा दिली. मी तुला कधी आठवण केली नाही. वाटायचं, तूही त्याच गावचा आहेस, तुला आठवत असणारच. मग तू कोचेव्येला राहायला गेलास, शिकारी मंडळाचा अध्यक्ष झालास, आणि मी करवतींच्या साखळ्यांना धार लावत बसलो.

मतिया अजूनही माझ्याशी बोलतो. ईस्टरला बोलावतो, हॅमचा पहिला काप माझ्या ताटात वाढतो. फक्त मी त्याच्याकडे काही दुरुस्त केलं, दाराची बिजागरी असो की पाण्याचा पंप, की मी जायच्या आधी तो पाना घेऊन सगळे नट पुन्हा आवळतो. माझ्यासमोर. टोमणा म्हणून नव्हे, सवय म्हणून.

नेझा पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर येणार असेल तर मी दहाला तिथे असेन. नेम कसा जुळवायचा ते सांगेन. रायफलीला हात लावणार नाही, कायद्याने लावता येत नाही. तू येऊ नकोस.

लेनार्ट

लिपोवेत्स, ७ एप्रिल

व्हिन्को,

पोरगी गुणी आहे. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे बरं काही लिहिलं जाणार नाही.

ती गेल्या शनिवारी आली. सहापटीचीच दुर्बीण घेतली आहे, तुझ्या यादीतलं काही नाही. म्हणाली, "बाबांशी भांडले. म्हटलं, ज्यांना विचारलंत त्यांचं ऐका तरी." मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो आणि तिला तोंडाने सांगत गेलो. पहिल्या तीन गोळ्या खाली, पण तिन्ही एका नाण्याखाली झाकतील अशा. मी म्हटलं, "दुर्बीण चुकली आहे, तू नाहीस. वरची चकती फिरव." फिरवली. पुढच्या तीन मधोमध. तिने मागे वळून बघितलं तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त कान लाल झाले होते. सिरीलाचे असेच व्हायचे.

"काका, तुम्ही हात का लावत नाही?"

"परवाना नाही."

"नुसतं धरायला लागतो परवाना?"

"मला लागतो."

"डोळ्यांमुळे ना? बाबा म्हणाले, तुमची नजर अधू झाली म्हणून तुम्ही काम सोडलंत."

 त्याच वेळी शंभर पावलांवरच्या कागदाला पडलेली भोकं मी तिला मोजून दाखवत होतो, चष्म्याशिवाय. तिच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही.

मग तिने किल्ली काढली आणि आठही स्क्रू तपासले. एकदा, दोनदा, तीनदा. मी विचारलं, "तीनदा कशाला?"

"बाबा नव्या लोकांना पहिल्याच तासाला शिकवतात. शेजारच्या खोऱ्यात एक कारागीर होता म्हणे, आळशी. दुर्बीण बसवली आणि एक स्क्रू सैल सोडला. शिकाऱ्याने कोल्ह्यावर नेम धरला, गोळी वीस पावलं बाजूला गेली आणि एका माणसाचा पाय गेला. बाबा म्हणतात, शिकारी सज्जन होता, आयुष्यभर मनाला लावून घेतलं त्याने."

व्हिन्को, मी बाकावर बसलो. ती पाणी घेऊन धावली. मी तिला सांगितलं, सकाळी काही खाल्लं नाही म्हणून गरगरलं.

गप्प बसणं मी समजू शकत होतो. भीतीने माणूस गप्प बसतो, वर्षं जातात, तोंड उघडायचा दिवस मागे पडतो. ते मी तुझ्या खात्यावर कधी अपराध म्हणून धरलं नव्हतं. पण तू गप्प कुठे होतास? दर सप्टेंबरला वीस-पंचवीस नव्या पोरांसमोर उभा राहून सांगत होतास. आळशी. सज्जन. ही विशेषणं तू घरी बसून निवडलीस.

आता मी कागदावर लिहितो, म्हणजे तुला म्हणता येणार नाही की लेनार्टचं वय झालं, त्याला आठवत नाही.

कोल्हा नव्हताच. तू मचाणावर होतास, उजेड जात आला होता, हेझलमध्ये काहीतरी तपकिरी हललं आणि तू मारलंस. ते मतियाचं जाकीट होतं. तो अळंबी घेऊन घरी येत होता. तू धावत माझ्याकडे आलास आणि तोंडातून पहिलं वाक्य काढलंस, "मी बघितलं नाही, मी बघितलंच नाही." आपण दोघांनी त्याला दाराच्या फळीवर घालून खाली आणला. अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. पोलिसाने फोनवर सांगितलं, रायफल कुलपात ठेवा, सकाळी येऊन नेतो. कुलूप माझ्या दुकानात होतं.

पोलीस यायच्या आधी सकाळी तू माझ्या दारात उभा होतास. म्हणालास, "वनखात्यातली नोकरी जाईल, कदाचित तुरुंग. सिरीलाला पाचवा महिना आहे. तू एकटा आहेस लेनार्ट, तुला काय, सहा महिने दुकान बंद राहील, ताकीद देतील." आणि तू रायफल धरलीस.

परवाना कायमचा गेला हे तुला कळलं तेव्हा तू मला एक पेटी वाईन पाठवलीस. मी ती प्यायलो, हेही लिहितो.

मेच्या एक तारखेला हंगाम उघडतो. त्याआधी वर मतियाच्या घरी जा आणि त्याला सांग. नेझालाही. नाहीतर मी सांगेन.

लेनार्ट

लिपोवेत्स, २८ एप्रिल

व्हिन्को,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. "जुनं उकरून कुणाचा पाय परत येणार आहे? नेझाचा विचार कर. तूही त्यात होतास हे विसरू नकोस." शेवटची ओळ धमकी म्हणून लिहिली असशील. पण ती खरी आहे, आणि मागच्या पत्रात मी तिच्याच भोवती फिरत होतो. तुझं सगळं नावनिशीवार लिहिलं आणि स्वतःपाशी आलो तेव्हा "तू रायफल धरलीस" एवढ्यावर थांबलो. रायफल तू धरलीस. स्क्रू मी सैल केला. माझ्या स्क्रू-ड्रायव्हरने, दीड फेरा, आणि नंतर दुर्बिणीला अंगठ्याने ढकलून बघितलं की पुरेशी हलते ना. कारागिराची खोड.

गेल्या रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना संपल्यावर मी वर गेलो. मतिया पेट्यांपाशी स्टुलावर बसला होता, जाळी चेहऱ्यावरून मागे टाकलेली.

मी म्हटलं, "मतिया, जरा बोलायचं आहे."

"बोल की दादा. मी कुठे पळून जाणार आहे?" असले विनोद तो स्वतःच करतो, दुसऱ्या कुणी केलेले चालत नाहीत.

मी सांगितलं. क्रमाने, काही न गाळता. वाटलं होतं तो ओरडेल. तो पेटीच्या तोंडाशी येणाऱ्या माश्या बघत राहिला, पायांना पिवळी पूड लागलेल्या. मग म्हणाला, "स्क्रू कोणी सैल केला?"

"मी."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"मी तेव्हा कुठे होतो?"

मी म्हटलं, "ऑपरेशनच्या टेबलावर."

त्याने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मी म्हटलं, व्हिन्को सांगणार होता, त्याने शब्द दिला होता, मी वाट बघत होतो. माझं मलाच ते केविलवाणं ऐकू येत होतं.

तो म्हणाला, "व्हिन्को घाबरला होता. घाबरलेला माणूस काहीही करतो, ते मला कळतं. तू कशाला घाबरला होतास?"

व्हिन्को, तिथे सांगितलं नाही ते इथे लिहितो. घाबरलो नव्हतोच मी. मला त्या सकाळी बरं वाटलं होतं. शाळेपासून तू पुढे आणि मी मागे, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तुला माझी गरज पडली होती. एवढंच कारण. त्याच्या पायाच्या बदल्यात एवढं.

मतिया म्हणाला, "मला वाटायचं, माझ्या भावाच्या हातून चूक झाली. चूक कुणाच्याही हातून होते. दर वर्षी पाय बदलायला ल्युब्लियानाला जायचो, आणि तिथून येताना गाडीत तुला माफ करायचो. नव्याने. मागच्या वर्षीचं पुरत नसे. तुला माहीत आहे ते किती अवघड असतं? ते सगळं मी कुणासाठी केलं?"

मी हात पुढे केला. त्याने तो बघितला आणि जाळी तोंडावर ओढली.

"जा आता, लेनार्ट."

त्याने मला जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती.

तू माझा विश्वासघात केलास असं मी एकोणीस वर्षं धरून बसलो होतो, आणि केलासच, तो शब्द मी मागे घेत नाही. पण वरून खाली उतरताना त्या शब्दाने मला काही मदत केली नाही.

लेनार्ट

लिपोवेत्स, १९ मे

व्हिन्को,

तू मंडळाच्या सभेत उभा राहिलास हे मला दुकानात करवत घेऊन आलेल्या माणसाकडून कळलं. सगळं सांगितलंस म्हणे, कोल्हा नव्हता तिथपासून. अध्यक्षपद सोडलंस, रायफल जमा केलीस. जुनं प्रकरण आता कायद्याच्या मुदतीबाहेर आहे, तेव्हा बाकी काही व्हायचं नाही. सभा संपल्यावर लोक एकेक करून तुझ्याशी हात मिळवायला आले. "छातीचा माणूस," तो करवतवाला म्हणाला. मग माझ्याकडे जरा बघितलं, आणि करवत दुरुस्त न करताच परत घेऊन गेला. पुढच्या खोऱ्यात नेतो म्हणाला.

मी तक्रार करत नाही. तू खरं तेच सांगितलंस, स्क्रू कुणी फिरवला तेही. सांगायलाच हवं होतं. फक्त मला आपल्या दोघांचं नशीब बघून हसू येतं. खोटं बोललो तेव्हा परवाना माझा गेला आणि खरं बोललो तेव्हा गिऱ्हाइकं माझी.

नेझा येऊन गेली. तिने तुला काय सांगितलं माहीत नाही, मला जे म्हणाली ते लिहितो. म्हणाली, "काका, मी रायफल ठेवणार आहे. बाबांना वाटलं मी सोडून देईन." हंगाम उघडल्यावर तीन संध्याकाळी बसली. तिसऱ्या दिवशी गवताच्या कडेला नर आला, सत्तर पावलांवर, आडवा, सुंदर. मागे चढ होता, माती होती. तिने मारला. जागेवर बसला. रीतीप्रमाणे त्याच्या तोंडात शेवटचा घास म्हणून फांदी ठेवली, टोपी काढून त्याच्यापाशी थांबली आणि एकटीने खाली आणला. मी विचारलं, "हात थरथरले?" म्हणाली, "नंतर." मग तिने मला तोंडावर विचारलं, "तुम्ही दोघं माझं नाव पुढे का करत होता? मी तर जन्मलेही नव्हते." मी म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, बघते. ज्या आवाजात म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला बरं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं.

तू गेल्या रविवारी मतियाकडे गेला होतास. माझ्या खिडकीतून त्याचं फाटक दिसतं. तुझी गाडी बाहेर पावणेतीन तास उभी होती. मला वाटलं, पाच मिनिटांत तुला हाकलेल. मग तुम्ही दोघं बाहेर आलात. त्याच्या हातात प्लमच्या दारूची, स्लिवोव्काची बाटली होती, तुझ्या खांद्याला धरून तो पायरी उतरला. माझ्या खांद्याला धरून तो कधी उतरला नाही, मी धाकट्या भावापुढे तो कधीही केला असता तरी. जाताना तू त्याला काहीतरी म्हणालास आणि तो हसला. तो हसताना मान मागे टाकतो, लांबूनही कळतं.

तुला त्याने माफ केलं. ज्याने गोळी घातली त्याला पावणेतीन तासांत. मी फाटकापाशी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी तो अंगणातच होता. आत गेला आणि दार लावून घेतलं, आदळलं नाही, हळूच लावलं.

तुझ्याकडे मी काही मागेन असं मला कधी वाटलं नव्हतं. मागायची पाळी तुझी आहे असंच धरून चाललो होतो. पण त्याच्या घरात आता तुझं ऐकलं जातं, माझं नाही. पंधरा जूनला आईचं वर्ष आहे, चर्चमध्ये मास आहे. आईच्या वर्षाला आम्ही दोघं कायम पहिल्या बाकावर बसतो. तू वर जाशील तेव्हा त्याला विचार, मी येऊन त्याच्या शेजारी बसलो तर चालेल का. नाही तर मी मागे उभा राहीन, तेही विचार.

माझी बाजू मांडू नकोस. मी म्हातारा झालो, वाळलो, असलं काही सांगू नकोस. नुसतं विचार, आणि तो जे म्हणेल ते मला लिहून पाठव. त्याच्याच शब्दांत, व्हिन्को. नाही म्हणाला तर नाही असंच लिही. त्यात तुझं काही घालू नकोस.

लेनार्ट